हफीजाबाईंचा बोडका डोंगर

…तर छापील चित्रपुस्तकातली भेगाळलेली जमीन बघून पोरं काय म्हणाली, ते काल सांगायचं राहिलंच. "बाई, दुष्काळ तिकडे देशावर. आपल्याकडे पाऊस मावत नाही." आता आली का पंचाईत. मग शाळेतल्या या हफीजाबाईंनी स्वतःच पुस्तक रंगवलं: गावचीच वैशाखात आटलेली विहीर आणि वर, भाताच्या भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडून तोडून बोडका झालेला परशुरामभाऊंचा डोंगर. पोरांनी लगेच ओळखला. भाऊंनीही ओळखला आणि तणतणत शाळा गाठली.

"दोन झाडं तरी काढा त्यावर, नाहीतर हे पुस्तक शाळेत दिसता कामा नये." गावात त्यांचा शब्द चाले.

बाईंनी हिरवा खडू त्यांच्याच हातात दिला. "काढा की भाऊ, हवी तेवढी. मग विहीर का आटली, ते पोरांना तुम्हीच समजावा."