उजवा कौल

बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन करायचं की नाही, हे परळच्या डॉक्टरांनी माझ्यावर सोडलं. केलं तर दुखणं थांबेल, पण क्वचित कुणाच्या पायांतली ताकद जाते. नाही केलं तर हळूहळू चालणं बंद होईल. "तुमचे वडील असते तर काय केलं असतं?" मी चिडून विचारलं. ते म्हणाले, "निर्णय घरच्यांनीच घ्यायचा."

आमच्या घरचा निर्णय म्हणजे गावच्या देवाचा. सगळं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलं, तरी बाबा कौल घेतल्याशिवाय हलत नाहीत. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी गावी काकांना फोन करून कौल लावायला सांगितलं. मणक्यातलं त्या फुलांना काय डोंबल समजणार, असं मनात म्हणतच.

दुपारी काकांचा फोन आला. डावी पडली होती. बाबा कॉटवर कण्हत माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "उजवी." ते लगेच तयार झाले.

ऑपरेशननंतर दुखणं थांबलं आणि पायही गेले. धोका डॉक्टरांनी आधीच सांगितला होता, कागदावर सही माझीच आहे. काका फोनवर तब्येत विचारतात, कौलाचं काढत नाहीत.

रोज सकाळी मी बाबांचं अंग पुसतो. कधी माझे डोळे भरून आले की तेच माझी समजूत काढतात, "मनाक लावन घेव नको. देवानच उजवो कौल दिल्यान मा."