कालव्यापलीकडची सोंगटी

पेन्शनवर आल्यावर माझं शेवटचं पोस्टिंग हुबळीत कोप्पीकर रोडवरच्या एका बँकेच्या दारात झालं. हातात सिंगल बॅरल बंदूक, बसायला स्टूल, रविवारी सुटी. त्याच दारात एक दिवस मेजर साहेब भेटले. एकाहत्तरच्या लढाईत ते आमचे कंपनी कमांडर होते आणि मी त्यांचा वायरलेस ऑपरेटर. सेट माझ्या पाठीवर, हँडसेट माझ्या कानाला. साहेब सांगतील ते मी पुढे बोलायचं.

साहेब म्हणाले, "कदम, रविवारी धारवाडला ये. आम्ही लढाया खेळतो."

धारवाडात सप्तापूरला कुलकर्णी सर म्हणून इतिहासाचे लेक्चरर भाड्याच्या खोलीत राहायचे. त्यांच्या भावाने अमेरिकेहून हे खेळ पाठवले होते. सतरंजीवर नकाशा पसरायचा. त्यावर मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, आणि पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या म्हणजे पलटणी. चाल करायची, फासा टाकायचा आणि कोण मेलं ते तक्त्यात बघायचं. साहेब, सर आणि कॉलेजची तीन-चार मुलं असायची. मध्ये परातीत चुरमुऱ्यांचं गिरमिट. पानिपतचा खेळ सरांनी स्वतः तयार केला होता. पानिपत आम्ही कितीतरी वेळा जिंकलो.

खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. नोकरीभर नकाशा दुसऱ्यांच्या हातात बघितला होता. इथे तो आपल्यासमोर, आणि वरून बघायला मिळायचा. बंदूक घेऊन आठवडाभर दारात बसल्यावर एवढी चैन पुरेशी होती.

मग एका रविवारी साहेबांनी स्वतः काढलेला नकाशा आणला. आमच्याच कंपनीची माघार. कालवा, त्याचा बंधारा, पलीकडचा ऊस, सगळं बरोबर काढलं होतं. प्रत्येक प्लॅटूनची एक सोंगटी. कालव्याच्या पलीकडे मात्र एक लहान सोंगटी एकटीच ठेवली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'घाडी सेक्शन'.

नायक परशराम घाडी अळणावरजवळच्या खेड्यातला. माझ्याच मुलखातला माणूस, म्हणून आमचं जमायचं. अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये बोलायचो. दुसरं कुणी ऐकत असलं की पुरं कन्नडमध्ये. लढाई लागली तेव्हा त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

त्या दिवशी पहाटे धुकं होतं. कंपनीला कालव्याच्या अलीकडे येण्याचा हुकूम मिळाला. घाडीच्या सेक्शनने पलीकडच्या बंधाऱ्यावर शेवटपर्यंत थांबायचं आणि बोलावलं की निघायचं, असं ठरलं. कंपनी अलीकडे आली. मोजणी झाली. उसातून रणगाड्यांचा आवाज जवळ येत होता. हँडसेटवर घाडी आला. सेटवर टायगर म्हणजे आम्ही, थ्री म्हणजे तो.

"टायगर फॉर थ्री. सगळे पार झाले का? निघू का? ओव्हर."

मी साहेबांना सांगितलं. साहेब दुर्बिणीतून बघत होते. धुक्यात दिसत काहीच नव्हतं.

"त्याला सांग, वेट आउट."

वेट आउट म्हणजे थांब, मीच बोलावतो, तोवर सेटवर येऊ नकोस. मी तसं सांगितलं. घाडी म्हणाला, "रॉजर." त्यानंतर तो बोलला नाही, कारण बोलायचं नव्हतं. थोड्या वेळाने आमच्या बाजूला दोन गोळे पडले. साहेब म्हणाले, "सेट बंद कर. चल." मी विचारलं, "थ्री, साहेब?" ते म्हणाले, "चल म्हटलं ना." मागे गेल्यावर सेट उघडला. थ्रीला किती हाका मारल्या ते आता आठवत नाही. उत्तर आलं नाही.

पुढे सुटीवर असताना मी घाडीच्या घरी गेलो होतो. त्याची बायको शांताक्का हिने चहाचा कप समोर ठेवला आणि दारात उभी राहिली. बसली नाही, नवऱ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. भिंतीवर देव होते, सासरा होता, घाडीचा फोटो नव्हता. मला रागच आला. काय बाई आहे, असं मनात म्हणत मी उठलो आणि पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

इकडे सतरंजीवर साहेब मुलांना नियम समजावत होते. "मागच्या सेक्शनला परत येण्याचा हुकूम गेलेला आहे. आता फासा टाकायचा. चार, पाच, सहा पडले तर सेक्शन परत. एक, दोन, तीन पडले तर सेक्शन कमांडर आपल्या मर्जीने थांबला."

एका मुलाने विचारलं, "साहेब, खरंच असं झालं होतं?"

"झालं होतं. मी त्याला बोलावलं. गडी हलला नाही. वाघ होता. त्याच्या बायकोला घरी जाऊन मी हेच सांगितलं, की तुमच्या माणसाला मी परत बोलावलं होतं, पण त्याने मोर्चा सोडला नाही."

ती रिकामी भिंत मला तेव्हा कळली.

मी म्हणालो, "साहेब, सेट माझ्या पाठीवर होता. तुम्ही वेट आउट म्हणालात. त्यानंतर त्याला बोलावलं नाही."

सरांनी गिरमिटाची परात बाजूला सरकवली. मुलं नकाशाकडे बघत राहिली. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "बिडो कदम, सोड आता. किती वर्षं झाली. गेम आहे हा."

आणि त्यांनी फासा टाकला. सहा पडले. त्या मुलाने टाळी वाजवली. साहेबांनी बोटाने सोंगटी कालव्याच्या अलीकडे ढकलली.

"घे. आले तुझे लोक."

साहेबांच्या थोबाडीत मारावी असं वाटलं. मारली नाही. हात वर गेला असता तर सवयीने सॅल्यूटच झाला असता. मी सोंगटी उचलून खिशात घातली, चपला घातल्या आणि बाहेर पडलो. पुन्हा त्या खोलीत गेलो नाही.

पुढच्या रविवारी अळणावरला उतरून चालत घाडीच्या गावी गेलो. शांताक्काचे केस पांढरे झाले होते. ओळख पटल्यावर म्हणाली, "बसा की अण्णा." आणि आत चहा ठेवायला निघाली. मी म्हणालो, "चहा राहू दे अक्का. साहेबांनी तुला काय सांगितलं होतं?"

"काय सांगतात? या म्हणून हुकूम दिल्याला, तरी आले न्हाईत म्हणाले. शूर हाय म्हणाले. सगळ्या गावानं ऐकलं." ती चौकटीला धरून उभी होती. "नाव करायचं हुतं त्यांस्नी. घरात मी एकटी हाय, हे काय डोक्यात आलं न्हाई."

"हुकूम गेलाच नव्हता, अक्का. थांब म्हणून सांगितलं आणि नंतर कुणी बोलावलं नाही. त्याने विचारलं होतं. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"काय इचारलं?"

"निघू का."

"परत सांगा."

"निघू का, असं विचारलं."

ती खाली बसली. मग म्हणाली, "म्हंजे यायचं हुतं त्यांस्नी."

"होतं, अक्का."

"इतकी वर्सं मी त्यांच्यावर राग धरला, अण्णा. सासूबाई तर त्याच रागात गेल्या." पदराने तोंड पुसून तिने विचारलं, "सायेब हाईत अजून?"

"आहेत. धारवाडला."

"काय करतात?"

ते मी तिला सांगितलं नाही. तिने ट्रंकेतून फोटो काढला. गणवेशातला, काचेला तडा गेलेला. मी सासऱ्याच्या फोटोशेजारी खिळा ठोकून दिला. निघताना ती म्हणाली, त्यांच्यासंगट आणखी कोण हुतं त्यांची बी नावं सांगा, दिवा लावताना घेईन. मी सांगितली. इथेही सांगतो.

नायक परशराम घाडी. लान्स नायक भीमा कांबळे. सिपाही दत्तू गावडे. सिपाही शिवाजी मोरे. सिपाही मारुती नाईक. सेक्शनमध्ये तोवर एवढेच उरले होते. त्यांच्यातला एकही आपल्या मर्जीने थांबला नव्हता.