सिंह नसलेलं नाणं

माझा नवरा पलटणीत स्वयंपाकी होता. ते आम्ही कधी लपवलं नाही. सुट्टीवर आला की एका वेळी किती माणसांचं वरण टाकतात, कुठल्या साहेबाला मिरची चालत नाही, हे तो सांगत बसायचा. त्याच्याच पेन्शनवर मी आज जगते. म्हणून गेल्या वर्षी नातीला बघायला मंगळवेढ्याहून लष्करातला मुलगा येणार म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं. ते तासभरसुद्धा टिकलं नाही.

मुलगा आणि त्याचा मामा, दोघंच आले. मुलाला आईवडील नव्हते. शेंगापोळी खाता खाता मामा म्हणाला, "आमचा भाचा साधा शिपाई न्हाय, आजी. लष्करात चोऱ्या हुत्यात, खून हुत्यात, त्यांचा तपास करतोय. लई गुप्त काम हाय."

"कुटं असतोस बाबा सध्या?" मी विचारलं.

"सांगता येत नाही, आजी."

"बरं, दिवसभर काम काय असतं?"

"तेही सांगता येत नाही."

मामा खूश झाला. मी झाले नाही. पलटणीतला माणूस आणि स्वतःच्या कामाबद्दल गप्प, असं मी पाहिलं नव्हतं.

मग त्यानं रुमालातून एक नाणं काढलं. दहाच्या नाण्यापेक्षा मोठं, जड, कडेला निळा रंग. माझी नात दवाखान्यात रक्त तपासते, तिला इंग्रजी येतं. तिनं वाचून दाखवलं, लष्करी गुन्ह्यांचा तपास करणाऱ्यांच्या सन्मानार्थ. मुलगा म्हणाला, "हे सगळ्यांना मिळत नाही."

मी चौथी शिकलेय. नाणं उलटंपालटं करून बघितलं. एका बाजूला पंख पसरलेला पक्षी होता.

"यावर आपले सिंह कुटं हायत?"

"गुप्त खात्याचं वेगळं असतं."

"गुप्त खात्यानं नाव तर लई ठळक लिवलंय की."

माझ्या मुलानं, म्हणजे नातीच्या बापानं, माझ्याकडं डोळे वटारले. त्याचा मालाचा टेम्पो आहे. तेवढ्यात गल्लीत कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं, म्हणून तो टेम्पो बाजूला घ्यायला बाहेर गेला. टेम्पो नुसता खरखरत राहिला, चालू होईना. पाहुण्याचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. तो खिडकीतून म्हणाला, "सेल्फ मारत बसू नका, बॅटरी उतरेल. डिझेलच्या लायनीत हवा शिरलीय."

आणि मग कपात बघत राहिला.

हवा काढल्यावर टेम्पो चालू झाला. माझा मुलगा हात पुसत आत आला. "तपासवाल्यांना सगळं कळतं बघ," म्हणाला. मला जे कळायचं ते कळलं होतं.

जाताना पाहुण्यानं ते नाणं नातीच्या हातात ठेवलं. सुपारी फुटेपर्यंत ठेव म्हणाला. सुपारी पुढच्याच आठवड्यात फोडायची ठरली. आधीची दोन स्थळं नातीनं स्वतः नाकारली होती, हा मात्र तिला आवडला होता. तरी मी म्हटलं म्हणून तिनं नाण्याचा फोटो काढून फोनवर शोधलं. तसंच नाणं तिथं विकायला होतं. अमेरिकेतलं. हौसेनं नाणी जमवणाऱ्या कुणालाही मिळणारं.

"आई, तुला सगळ्यांत चोरच दिसतो," मुलगा म्हणाला.

"दिसला तर डोळं झाकू का?"

रविवारी पाहुण्याला एकट्यालाच बोलावून घेतलं. नाणं टीपॉयवर ठेवलं आणि विचारलं, "गाडी चालवतोस न्हवं?"

त्यानं नाणं बोटानं जरा बाजूला सारलं. मग म्हणाला, "व्हय. ट्रक." सैन्याचं ओळखपत्र दाखवलं. ते खरं होतं, त्यावर सिंह होते.

"मग त्यात लपवायचं काय हुतं? मी स्वयंपाक्याची बायको हाय."

"तीन घरांनी डायवर म्हणून न्हाय म्हटलं. चौथ्या घरात नाणं दाखवलं, तितं दुसऱ्यांदा चहा विचारला."

"मामाला ठावं हाय?"

"न्हाय. मामाला मी साहेब वाटतो."

नात दारात उभी होती. ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी ड्रायव्हर म्हणाला असतात तर मी हो म्हटलं असतं."

"आणि आता?" त्यानं विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. खोटं बोलला होता, पण काम खरं होतं आणि काम कष्टाचं होतं. मी अर्धी तयार झाले होते. म्हटलं, "आदी मामाला खरं सांग. मग ये. मग बोलू."

त्यानं मान हलवली. उठला, नमस्कार केला. मग टीपॉयवरचं नाणं उचललं, रुमालानं पुसलं, शर्टाच्या वरच्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं.

तो गल्लीच्या टोकाला गेला तरी नात तिथंच उभी होती.

"आजी, नाणं घेऊन गेला."

"बघितलं मी."

"त्याचंच आहे म्हणा."

"व्हय. फुडच्या घरात लागंल की त्याला."

संध्याकाळी तिनं स्वतःच वडिलांना सांगितलं, सुपारी फोडायची नाही. त्यानं मामाला खरं सांगितलं का, ते कळलंच नाही. तो आलाच नाही.

माझ्या मुलाला अजून वाटतं की स्थळ मी मोडलं. मी काही मोडलं नाही. नाणं टीपॉयवर राहिलं असतं तर मी गप्प बसले असते.