खिडकीमावशी आणि हळू बोलणारे सर

माझ्या नाकावर राग असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तो राग मला मुकाट्याने गिळायला लावला तो एकाच बाईने, आमच्या विद्यापीठातल्या खिडकीमावशीने. हे नाव आम्हीच ठेवलेलं. नावनोंदणीच्या कचेरीत काचेच्या खिडकीमागे ती बसायची. आखूड केस, दोरीला बांधलेला चष्मा आणि बोटांना कायम शिक्क्याची जांभळी शाई. चाळीस वर्षं होत आली, पण ती बोटं अजून डोळ्यांसमोर येतात.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, परक्या देशात परक्या भाषेत शिकायला गेलेली. भाषा दहा महिने शिकले होते. म्हणजे रस्ता विचारता यायचा, पण समोरच्याने उत्तर दिलं की पंचाईत. बाबा पाणीपुरवठ्यात फिटर. जन्मभर दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवरून पाइप जोडत आले. मला सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "नकाशा काढणारी होऊन ये."

तिथली पद्धत अशी, की पहिले दोन आठवडे कुठल्याही वर्गात जाऊन बसायचं. मग चार विषय ठरवायचे, प्रत्येक सरांची फॉर्मवर सही घ्यायची आणि तो दुसऱ्या शुक्रवारी चारच्या आत खिडकीत द्यायचा. नंतर बदल नाही. आणि आम्हा बाहेरच्या मुलांना चारही विषयांत पास व्हावंच लागे. एक जरी गेला, तरी सामान बांधा.

आता माझी अक्कल काय सांगू! मी विषय बघितलेच नाहीत, सर बघितले. कोण हळू बोलतं, कोण फळ्यावर लिहितं, कोण एकच वाक्य दोनदा सांगतं. शेवटच्या बाकावर बसून वहीत लिहायचे: कळलं, अर्धं कळलं, काडीचं कळलं नाही. जलशास्त्राचे सर अर्थातच शेवटच्या रकान्यात. बाप रे, तो माणूस! अर्धे शब्द मिशीत आणि उरलेले फळ्याकडे तोंड करून. म्हटलं, भाषा सुधारली की पुढच्या वर्षी घेऊ. आणि निवडलं काय, तर बागेची माती, जुनं संगीत, ग्रंथालयाची मांडणी आणि संख्याशास्त्र. संगीताचे सर तर दोन वाक्यांच्या मध्ये बाहेर झाडाकडे बघत राहायचे. त्यांच्यावर माझा फार जीव.

शुक्रवारी तीनला फॉर्म दिला. खिडकीमावशीने तो वाचला आणि चष्मा काढला.

"हे चौघंही हळू बोलतात," ती म्हणाली.

"आवडीचे विषय आहेत," मी ठोकून दिलं.

"माती आवडते?"

"हो."

"आणि ग्रंथालय?"

"खूप."

"खोटं बोलायचं तर नीट तरी बोल गं. शिकायला काय आलीस?"

"पाणीपुरवठा."

"मग जलशास्त्र कुठंय?"

"पुढच्या वर्षी."

तिने नियमांचं पान पुढे सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पहिल्या वर्षी जलशास्त्र नसेल, तर अभियंत्याचं शिक्षण पुढे बंद. हेच पान माझ्या खोलीत पंधरा दिवस लोळत होतं. शब्दकोश घेऊन वाचायचा मला कंटाळा आला होता!

माझी पाचावर धारण बसली, आणि घाबरले की मी चिडते. "नापास झाले तर हाकलतील मला. माझ्या बाबांना सांगायला तुम्ही याल? तुमचं काम शिक्का मारायचं, तो मारा!" हे त्या भाषेत कसं म्हणाले देव जाणे. व्याकरणाचा चुराडा झाला असणार, पण तिला कळलं.

ती रागावली नाही. "मीही बाहेरूनच आले इथे," ती म्हणाली. "डॉक्टर व्हायचं होतं. शरीररचना शिकवणाऱ्या बाई भारी भरभर बोलायच्या. म्हणून हळू बोलणारे चार शोधले. चारही विषयांत पहिली आले." मग फॉर्म माझ्याकडे ढकलून म्हणाली, "ही खिडकी वाईट नाही. पण मी काही खिडकीसाठी घर सोडलं नव्हतं. मातीवर काट मार आणि पळ."

पळाले. जलशास्त्राचे सर प्रयोगशाळेत बाह्या वर करून एका नळीची गळती बघत होते. मी सरळ सांगितलं, "सर, तुमचं मला काही कळत नाही. पण मला हाच विषय हवाय." ते बरंच काही बोलले. तेही कळलं नाही. पण सही केली, ओल्या हाताने.

परत आले तेव्हा सव्वाचार वाजले होते. सगळ्या खिडक्या बंद, तिची तेवढी उघडी. "शिक्क्यावर तारीख असते, वेळ नसते," म्हणाली आणि शिक्का हाणला.

पुढचे पाच महिने मी शब्दकोशावर डोकं ठेवून रडले. शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या वह्या उतरवल्या, सरांच्या मागे जिन्यापर्यंत प्रश्न घेऊन धावले. चाळीसला पास. मला जलशास्त्रात त्रेचाळीस!

मंगळवारी निकालाचा कागद घेऊन धावत कचेरीत गेले, तर खिडकी बंद. शेजारच्या कारकुनाने वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. "अकरा ते बारा ती तासाला बसते. हे सत्र सुरू झाल्यापासून."

वर गेले. शरीररचनेचा वर्ग. विशीतल्या पोरांच्या मागे, शेवटच्या बाकावर, पन्नाशीची खिडकीमावशी वही उघडून बसलेली. पुढे एक तरुण सर तोफखान्यासारखे सुटलेले. मी हळूच तिच्या शेजारी जाऊन बसले. कागद दाखवला. तिने आकडा बघितला आणि माझा हात घट्ट दाबला.

"तुम्हाला कळतं हे?" मी कुजबुजले.

"सगळं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "एकेक शब्द कळतो गं आता."