कारभारीआबांचा कायमचा पत्ता

कुंभार पिंपळगावात कारभारीआबांइतका संशयी माणूस शोधून सापडायचा नाही. पाहुणा चहा पिऊन गेला की हे कपबश्या मोजणार. एकदा मापाड्यानं काट्यावर पाय दाबून फसवलं, तेव्हापासून दुधानं पोळलेलं हे तोंड ताकच काय, पाणीही फुंकून पितं.

बायको गेल्यापासून घरात एकटेच. यंदाचा कापूस भाव येईपर्यंत पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा रचून ठेवलेला, आणि त्याच्या राखणीसाठी आबांचं जेवण-झोपणंही तिथंच. दिवाळीत पुण्याहून आलेला मुलगा सोमेश्वर म्हणाला, "इकून टाका आता." आबांना वाटलं, व्यापाऱ्यानं पोराला फितवलं. तोंडातोंडी झाली आणि बापलेकांचं बोलणंच तुटलं.

मग आबांनी खोलीत कॅमेरा बसवला. कापूस शेतातूनही मोबाइलवर दिसावा म्हणून इंटरनेटचा कायमचा नंबर मागवला. घरचं कनेक्शन होतं सोमेश्वरच्याच नावावर. परतूरहून इंटरनेट कंपनीचा साजिद आला, त्यानं राउटरमध्ये नंबर टाकला, कॅमेऱ्याला वाट करून दिली.

"चाचा, हा नंबर म्हंजे तुमच्या घराचा पत्ता. आता बदलणार न्हाई. पण कॅमेऱ्याचा पासवर्ड कंपनीचाच हाय, साऱ्या दुनियेला ठावं असलेला. जल्दी नवा टाका."

"तुझ्यासमोर?"

"मी तोंड फिरवतो."

"बटणांचा आवाज ऐकशील."

"मंग बाहेर जातो."

"बाहेरून खिडकी हाय."

साजिद हसला, आबा हसले नाहीत. चहा पाजून त्यांनी त्याला वाटेला लावलं. पासवर्ड बदलायचा कसा ते कळेना, आणि विचारावं तर कुणाला? ज्याला विचारायचं तोच चोर. तेव्हा दाराला तीन कुलपं आणि कॅमेऱ्याला कंपनीचाच पासवर्ड, असा कारभार सुरू झाला.

एका दुपारी आबा भाकरी खात बसले असताना कॅमेऱ्याची मान आपोआप वळली आणि त्यांच्यावर येऊन थांबली. आबांनी ताट सोडून विळा उचलला.

"आबा, मी सोमेश्वर," कॅमेऱ्यातूनच आवाज आला. "नंबर माझ्या मोबाइलवर आल्ता. पासवर्ड कंपनीचाच निघाला. मी आलो तसा कुणीबी येईल, बदला तो."

"कापसावर नजर ठेवून राह्यला व्हय?"

"कापूस गेला चुलीत. तुम्ही जेवता का न्हाई, ते बघून राह्यलो. काल रात्री उपाशी झोपले तुम्ही."

आबांना राग यायला हवा होता. तो आला नाही, याचाच त्यांना संशय आला. डोळे भरले तसे ते कॅमेऱ्याकडे पाठ करून बसले आणि उपरण्यानं तोंड पुसलं. दिवाळीपासून घरात आपल्या माणसाचा आवाज आलाच नव्हता.

"तूच बदल," ते म्हणाले.

"काय ठेवू?"

आबांनी खिडकी लावून घेतली.

"बोलू नको. कुणालाच सांगू नको, मलाबी न्हाई. कापूस बघावा वाटला तर तुलाच फोन करीन."