अण्णाचा अंगठा

मे १९८२, रविवार सकाळ, केलगेरीचा तलाव. हजर: थोरला भाऊ अण्णा, मधली बहीण अक्का, मी आणि लॉरीची एक जुनी ट्यूब.

काल सुभाष रोडवर पंक्चरवाल्याने माझ्या स्कूटरच्या व्हॉल्व्हवर थुंकी लावली, बुडबुडा फुगला, आणि रबराच्या वासासकट ती सकाळ पुढे उभी राहिली.

अक्काला पोहायला शिकायचं होतं. घरून घट्ट भरून आणलेली ट्यूब तलावावर पोचेपर्यंत मऊ पडली. अण्णाने सायकलच्या पंपाने पुन्हा हवा भरली आणि ती पाण्यात बुडवून पाहिली. एकही बुडबुडा आला नाही. येणार कसा? ट्यूब त्याने व्हॉल्व्हलाच धरली होती, अंगठा बरोबर तोंडावर दाबून.

"अण्णा, अंगठा काढून बघ की," मी म्हटलं.

"तू मेस्त्री कधी झालीस?" तो हसला आणि अक्काकडे वळला. "बस गं. एनू आगूदिल्ल, काही होत नाही."

वीस हात आत गेल्यावर ट्यूब चिंधीसारखी अक्काच्या काखेतून निसटली. अण्णानेच तिला केसांना धरून बाहेर ओढलं, हे खरं. पण हिरवं पाणी ओकणाऱ्या तिला तो म्हणाला, "घाबरलीस, म्हणून बुडालीस."

तेव्हा मी नुसती भ्यायले होते. आता संताप होतो. अक्का पुन्हा कधी पाण्यात उतरली नाही. अण्णा मात्र प्रत्येक लग्नकार्यात तिच्या भित्रेपणाचा हा किस्सा सांगतो, सगळे हसतात, आणि तीही मान खाली घालून हसते. भरल्या पंगतीत त्याला तिथेच थांबवायचं काम माझ्याकडून अजून झालेलं नाही.