खोक्याच्या कपाळावर कुंकू

जालन्याला बियाण्याच्या गोडाऊनमधी मला कामाला लावलं ते माझ्या जावयानं. सासऱ्यानं जावयाचे पाय धुवायचे असतेत, आन् मी त्याच्याच वशिल्यानं पोट भरून राह्यलो व्हतो. माझी लाज तिथूनच सुरू व्हती.

काम सोपं. हरभऱ्याच्या, गव्हाच्या पाकिटांचं खोकं भरलं की त्याला पांढरी पट्टी चिकटवायची. पट्टीवर काळ्या उभ्या रेघा, कुठं जाड, कुठं बारीक, आन् खाली आकडे. जावई बंदुकीसारखी मशीन धरून रेघांवर लाल उजेड मारायचा. टूं वाजलं की कोणतं बी, कोणता लॉट, कोण्या गावाला चाललं, सगळं कंप्युटरला कळायचं. मी अर्ध्या पट्ट्या उलट्या चिकटवायचो, तरी टूं वाजायचंच. मला लय बरं वाटायचं. म्हणलं, हिलाबी माझ्यासारखं उलटं-सुलटं काय ते कळत न्हाई.

पैल्याच दिवशी जावयानं इचारलं व्हतं, "मामा, आकडे येतात ना?"

जावयापुढं न्हाई कसं म्हणावं? "येतात की," म्हणलं. शाळेत मी जायचो ते मत टाकायला, तिथंबी अंगठाच लावायचो.

ती मशीन जावयानंच शेठच्या मागं लागून आणवली व्हती. शेठ मारवाडी, पण आज्यापासून जालन्यातला. त्यानं जावयाला सांगून ठेवलं व्हतं, "दसऱ्याची पहिली गाडी बराबर गेली तर मशीन राहील. न्हाई तर मशीन वापस, आन् तूबी वापस हमालीत."

खंडेनवमीला जावई बाहेर गेल्ता. शेठ मला म्हणला, "सगळ्या सामानाला हळदकुंकू लावून घे." मी कुंकू पाण्यात चांगलं घट्ट कालवलं. ही नवमी शस्त्राची, म्हणून पैला मान बंदुकीचा. तिच्या तोंडाच्या काचेवर मोठा टिळा लावला. मंग खोक्यांकडं वळलो. खोक्याचं कपाळ कोणतं? मला ती पांढरी पट्टीच कपाळ दिसली. रेघांच्या मधोमध, वरून थेट आकड्यांपोत्तर, अंगठ्यानं टिळा ओढला. अंगठा तर माझा सरावाचाच. एकबी खोकं सोडलं न्हाई. बाकीच्या दिवशी मी इतका इमानदार नसतो.

दसऱ्याला सकाळी ट्रक दाराला लागला. शेठ खुर्ची टाकून बसला. जावयानं बंदूक धरली. टूं न्हाई. काच पुसली. तरी टूं न्हाई.

"तुझी बंदूक उपासाला बसली का काय?" शेठ म्हणला.

जावयानं खोक्याकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं. "मामा, हे सगळ्याच खोक्यांना?"

"पूजेत भेदभाव कशाला करावा," मी म्हणलं.

त्यानं एक टिळा ओल्या फडक्यानं पुसून पाह्यला, तर कुंकू सगळ्या पट्टीभर पसरलं. "शेठ, लाल उजेडात लाल कुंकू मशीनला कोऱ्या कागदासारखं दिसतं. मधल्या रेघा गायब. पण खालचे आकडे साफ हायेत, ते हातानं टाकता येतात. मामा, तुम्ही वाचत चला, मी दाबत जातो. जल्दी व्हईल."

मी वाकलो. आकडे माझ्याकडं पाहात व्हते, मी आकड्यांकडं.

"चष्मा न्हाई आणला," मी म्हणलं. जन्मात मला चष्मा नव्हता.

"एवढंच ना?" शेठनं आपला चष्मा काढून माझ्या नाकावर बसवला. मंग मला न येणारे आकडे मोठेमोठे दिसाया लागले.

हमाल खोकं उचलायला थांबलेले. जावई माझ्या तोंडाकडं पाहात राह्यला, आन् त्याला कळलं. शेठकडं न पाहता म्हणला, "दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर मामाला कसा चालंल? मीच वाचतो आन् मीच दाबतो. मामा, तुम्ही खोकं माझ्याकडं फिरवून द्या."

दिवसभर मी खोकी फिरवली. पोरगं एकेक आकडा वाचून दाबीत व्हतं, मान वर करीत नव्हतं. गाडी उन्हं उतरताना निघाली, पण बराबर निघाली. शेठ म्हणला, "मशीन ठेव. पुढल्या साली पूजा मी करीन."

घरी गेलो तर लेकीनं ओवाळायला ताट आणलं आन् थांबली. "बाबा, चष्मा कधी लागला?"

शेठचा चष्मा माझ्या नाकावरच राह्यला व्हता. मी जावयाकडं पाह्यलं. तो मोरीवर हाताचं कुंकू धूत व्हता.

"मामाला जवळचं दिसत न्हाई," तो म्हणला. "उद्या त्यांना दवाखान्यात नेतो."

आन् माझ्यापुढं येऊन, ओल्या हातानंच, आपट्याचं पान देऊन पाया पडला. मी पाय मागं घेतले.